फेटल नावाचं क्रियापद आमच्या घरी आलं

आक्का, मी येवला सोडलं त्या दिवशी मला नानांच्या पाया पडता आलं नाही, कारण त्यांचे पाय खड्ड्यात होते. आपला माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबत राहतो. वडलांच्या पायाला हात लावायचा तर त्यांनी काम थांबवून पाय वर घ्यायला हवेत. नानांनी ते केलं नाही. मी थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिलो. मग खड्ड्याच्या काठाला, जिथं वर्षानुवर्षं बसून जमीन गुळगुळीत झाली होती, तिथं हात लावला आणि तोच कपाळाला लावला. मागाचा ठेका जराही चुकला नाही.

"मागावरून जो उठला त्यो परत बसत नसतो," एवढंच ते बोलले, तेही मागावरच्या पैठणीच्या पदरातल्या मोराकडे बघत. आई दारात उभी होती आणि तिचं आपलं नेहमीचं चाललं होतं, "आवर रे भानू, यष्टी जाईल." तू स्टँडवर आलीस. भाकरी-ठेच्याचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलंस आणि रडायचं सोडून ड्रायव्हरला सांगत बसलीस, की आमचा भाऊ झोपाळू हाय, नाशिक आलं की उठवा त्याला. विंचूरपर्यंत कांद्याच्या गाड्या मोजायच्या असं ठरवून मी बसलो आणि बहुतेक पहिल्याच गाडीला डोळा लागला. ड्रायव्हरनं खरंच उठवलं. मी आयुष्यभर अर्धा झोपेत असतो असं तू म्हणतेस, ते काही अगदीच खोटं नाही.

आता तुझा नातू परदेशी निघालाय. परवा तू फोनवर म्हणालीस, "तूबी घर सोडून गेलेला, त्याला चार शब्द लिही." आक्का, चार शब्द कुठून आणू? माझ्याकडे एकच आहे, आणि तोही इंग्रजी. पण तो मला फार पुरला. म्हणून त्या शब्दाची हकिकत लिहितो. तुझ्या नातवानं वाचावी, आणि तूही वाच, कारण त्यातली निम्मी माणसं तुझीच आहेत.

मी घर का सोडलं, याचं धड उत्तर मला तेव्हाही देता येत नव्हतं. ऐंशीच्या आसपासचे दिवस. नाशिकजवळ अंबडच्या माळावर कारखाने येताहेत, हाताला काम आहे, असं जो तो सांगत होता. माझा हात विणकामात बसला नव्हता असंही नाही. मोर विणता येत होता, पोपटही येत होता. पण दुपारी मागावर बसलं की समोरच्या खिडकीतून ऊन आत यायचं, त्यात धुळीचे कण तरंगत राहायचे, आणि मला वाटायचं, हे कण कुठून येतात तिथं एकदा जाऊन यावं. एवढ्याशा कारणावरून कुणी बापाला सोडून जातं का? मी गेलो. एकुलता एक मुलगा, सात पिढ्यांचा माग, सगळं ठाऊक असून गेलो.

अंबडला तेव्हा मुरमाचे रस्ते, अर्धी बांधलेली घरं आणि मध्येच कुणाचा तरी झेंडूचा मळा. पहाटे मळेवाले फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या सायकलला बांधून बाजाराकडे निघत, आणि त्याच रस्त्यानं उलट्या बाजूला आम्ही पहिल्या पाळीचे. धुक्यात फुलं आधी दिसायची, माणूस मागून. मला एका फाउंड्रीत काम मिळालं होतं, फेटलिंगमध्ये. फाउंड्री म्हणजे वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतून वस्तू बनवायचा कारखाना. साचा फोडून वस्तू बाहेर काढली की ती काही दुकानात दिसते तशी नसते. कडांना पातळ पापुद्रे, अंगाला चिकटलेली वाळू, जिथून लोखंड आत ओतलं तिथं मोठाले खुंट. ते सगळं छिन्नीनं तोडायचं आणि ग्राइंडरवर घासायचं, ते खातं म्हणजे फेटलिंग. इतर खात्यांतले लोक आम्हाला न्हावी म्हणायचे.

आमचे फोरमन रोकडे. देवळाली कॅम्पात जन्मलेले, तिथंच वाढलेले. त्यांचे वडील गोऱ्या साहेबांच्या तोफखान्यातल्या घोड्यांचे मोतद्दार होते. रोकड्यांच्या बोलण्यात मराठी, कॅम्पातली हिंदी आणि घोड्यांच्या पागेतलं इंग्रजी असं तिन्ही एकत्र नांदत असे. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा, की ग्राइंडर चालू असतानाही ऐकू यायचा.

पहिल्याच आठवड्यात मी गोंधळ घातला. पंपाच्या बॉड्या आल्या होत्या. मला सांगितलं, यांना फेटल कर. मी विणकराचा पोर. पैठणीची उलटी बाजू सुलटीइतकीच नितळ हवी, मागून एक धागा लोंबता कामा नये, हे आपण भाकरीबरोबर खाल्लेलं. मी त्या बॉड्या आतून, बाहेरून, खालून, वरून अशा घासल्या, की त्यात तोंड बघावं. दिवसभर ठिणग्या उडत होत्या, मी आपला गुंगीत, आणि मनात म्हणत होतो, नानांनी हे बघायला हवं होतं. संध्याकाळी रोकड्यांनी एक बॉडी उचलली. हातात फिरवली. खाली ठेवली.

"पैठणी," ते म्हणाले. त्या दिवसापासून फाउंड्रीत माझं नाव पैठणी पडलं. "पैठणी, ये क्या किया रे? हे तोंड तू घासलंस?"

मी अभिमानानं हो म्हटलं.

"अरे, ते लेथवाल्यासाठी ठेवलेलं होतं! त्याला कापायला धातू नको? आता तो काय कापेल, तुझं डोकं?" सगळ्या बॉड्या पुन्हा भट्टीत गेल्या. मला वाटलं, संपलं. आता उद्याची यष्टी, आणि परत त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन उभं राहायचं. पण रोकडे माझ्या शेजारी पेटीवर बसले, बिडी पेटवली आणि हळू आवाजात म्हणाले, "बघ. फेटल म्हणजे चकचकीत नाय. जे त्याचं नाही, तेवढंच काढायचं. जे पुढच्या हाताचं आहे, त्याला हात लावायचा नाय. समझा?"

समजलं असं मी म्हटलं. खरं तर समजायला पुढची काही वर्षं गेली.

नंतर माझ्या लक्षात आलं, की रोकडे हा शब्द फक्त लोखंडासाठी वापरत नाहीत. पाऊस येणार असला की म्हणत, "छत्री फेटल करून ठेव." सायकल फेटल कर, डबा फेटल कर. कुणी उशिरा आलं तर, "थांब, तुलाच फेटल करतो." सकाळी तब्येत विचारली की म्हणत, "एकदम फेटल में हूँ." मी एकदा विचारलं, हे सगळीकडे कसं काय चालतं? ते म्हणाले, "माझ्या बापाचा साहेब असंच बोलायचा. घोडा फेटल कर म्हणजे खरारा कर, खूर बघ, जीन चढव, आणि घोडा दारात आण. साहेबाच्या मुलुखात बाया चूलपण फेटल करतात म्हणे."

एका सुट्टीच्या दुपारी मी नाशकात वाचनालयात गेलो आणि तिथला सगळ्यात जाड इंग्रजी शब्दकोश मागितला. देणाऱ्या बाईंनी माझ्या काळवंडलेल्या नखांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, पण दिला. वर पंखा कुरकुरत होता, खिडकीतून रिक्षांचे आवाज येत होते आणि हळूहळू विरत होते. त्या एका क्रियापदाला केवढी मोठी वस्ती होती! नीट लावणं, तयार करणं, हा पहिला अर्थ. घोड्याची निगा करणं. भट्टीच्या तळाला वाळूचं अस्तर देणं. ओतीव वस्तूचे पापुद्रे काढणं, म्हणजे माझं पोटापाण्याचं काम. ठोकून काढणं, म्हणजे रोकड्यांची धमकी. शिवाय नाम म्हणून वापरलं तर माणसाची बरी, ताजीतवानी अवस्था. पुढे लिहिलं होतं, की शब्द आता फारसा वापरात नाही, तिकडच्या उत्तरेकडल्या बोलीत टिकून आहे. आणि मूळ दिलं होतं. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पट्टा, कमरपट्टा. म्हणजे हा शब्द आधी कंबर कसण्याचा होता. कामाला लागण्याआधी माणूस कंबर बांधतो, आपली आई पदर खोचायची, तिथून तो निघाला आणि चालत चालत अंबडपर्यंत आला. बिचारा माझ्यापेक्षा कितीतरी लांबून आलेला.

मग मी तिथं बसून याला मराठीत काय म्हणावं ते शोधत राहिलो. आणि आक्का, मला आईचाच आवाज आला. आवर. घर आवर, केस आवर, पसारा आवर, पोराला आवर, स्वतःला आवर, आवर लवकर. आपल्या आईनं दिवसातून शंभरदा वापरलेलं क्रियापद. दोघं अगदी एक नाहीत. आवरण्यात शेवटाकडे जाणं आहे, आवरतं घेणं आहे. फेटल करण्यात पुढची तयारी आहे, घोडा दारात आणून उभा करणं आहे. पण त्या दुपारी मला ते दोघं चुलतभाऊ वाटले. डोळे मिटायला लागले. शब्दकोशावर डोकं टेकून मी झोपलो आणि स्वप्नात एक पांढरा घोडा पाहिला. त्याच्या पाठीवर जिनाऐवजी पैठणी होती आणि नाना त्याला खरारा करत होते. नाना आयुष्यात कधी घोड्याजवळ गेले नव्हते. वाचनालयातल्या बाईंनी मला उठवलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

हे सगळं मला नानांना सांगायचं होतं. पण नाना माझ्याशी बोलत नव्हते. तुला त्या दिवाळ्या आठवतात का? मी हातभर अंतरावर बसलेला, आणि ते आईला म्हणणार, "त्याला म्हणावं, करंजी घे." आई माझ्याकडे वळून, "करंजी घे म्हणतात." मी म्हणायचो, "त्यांना सांग, घेतली." आई निम्मं हसायची, निम्मं रडायची. माझ्या लग्नातही नाना अक्षता टाकायला उभे राहिले, आशीर्वाद सुमनला दिला आणि माझ्याविषयी तिलाच म्हणाले, "त्याला सांभाळ." सिन्नरच्या सुमनला वाटलं, या घरात मुलाचं नाव घ्यायची पद्धतच नसेल. मी हसण्यावारी न्यायचो. पण खरं सांगतो, मला त्याचा फार त्रास व्हायचा. अंबडला कामावर जीव रमत होता, सुमनशी पटत होतं, आणि तरी मी पोचलोय असं वाटत नव्हतं. नानांनी एकदा माझं नाव घेऊन मला हाक मारावी, एवढंच हवं होतं. ते घडलं नसतं तर मी आजही त्या यष्टीत बसलेलाच राहिलो असतो.

मग नानांचे डोळे गेले. म्हणजे पुरते नाही, पण जरीचा धागा आणि रेशमाचा धागा यांतला फरक बोटांना विचारावा लागायला लागला. येवल्याच्या डॉक्टरनं नाशिकला जायला सांगितलं. आई त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आली. नाशिकच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, मोतीबिंदू आहे, पुढच्या आठवड्यात या, काढून टाकू. आई म्हणाली, तोवर भानूकडं राहू. नाना म्हणाले, "उद्या दुपारच्या गाडीनं घरी जायचं. आठ दिवसांनी परत येऊ." आईनं मला सांगितलं, जणू मी ऐकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या एका खोलीत चौघं जेवायला बसलो. कुणी काही बोलेना. सुमनला शांतता सहन होत नाही. तिनं आईला माझ्या पहिल्या आठवड्याची हकिकत सांगायला सुरुवात केली, नकला करून, रोकड्यांच्या आवाजात. पंपाची बॉडी कशी चकचकीत केली, पुढच्या हाताचं होतं तेही कसं घासून टाकलं, पैठणी नाव कसं पडलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी ताटात बघत होतो. नाना जेवायचे थांबले.

"त्याला विचार," ते आईला म्हणाले, "मंग पुढच्या हाताला काय ठिवलं यानं?"

"काय ठेवलंस म्हणतात," आई म्हणाली.

"सांग त्यांना, काहीच नाही ठेवलं."

नाना हसले. भिंतीकडे बघून हसले, पण हसले. "येडं रे येडं," ते भिंतीला म्हणाले. "मागावरचं लुगडं उतरवताना आपण जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांचं टोक ठिवतोच की नाय? त्याला नवा ताणा जोडायचा असतो म्हणून. सगळंच कापून घेतलं तर माग रिकामा पडंल. याला एवढंबी कळंना व्हय?" मग भात मागितला. मी त्या रात्री आनंदानं झोपलो. पण दुपारच्या गाडीचं काही बदललं नव्हतं.

सकाळी मी पहिल्या पाळीला निघालो तेव्हा नाना खाटेवर उठून बसले होते. ती खाट आम्हाला फाउंड्रीतल्या एका मित्रानं बदली होऊन जाताना दिली होती. तिची सुती पट्ट्यांची नवार इतकी सैल झाली होती, की झोपणारा मधोमध गोळा व्हायचा. पाहुण्यांना तीच दिलेली, दुसरी नव्हतीच. मी आईला सांगितलं, जपून जा. पायाला हात लावायला वाकलो, तर नाना मान वळवून नवारीकडे बघत होते. मला वाटलं, पुन्हा तेच.

तो दिवस मी कसा काढला ते मला आठवत नाही. ठिणग्या उडत होत्या एवढं आठवतं. रोकड्यांनी विचारलं, "काय पैठणी, फेटल में नहीं लगता?" मी म्हटलं, वडील आलेत, आत्ता गेले असतील. त्यांनी माझ्या हातातला ग्राइंडर घेतला आणि सुटीची शिट्टी व्हायच्या आधीच मला हात धुवायला पाठवलं. मी सायकल जोरात मारली नाही. रिकाम्या खोलीत लवकर पोचून काय करायचं होतं?

दार उघडं होतं. सुमन आणि आई भाजीला गेल्या होत्या. खोलीच्या मध्ये खाटेचा नुसता सांगाडा, आणि त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून नाना. सगळी नवार त्यांनी उसवली होती, पाण्यात भिजवून पिळली होती, आणि डोक्याकडून नव्यानं भरायला घेतली होती. आडवी, उभी, एक खाली, एक वर. अर्धी खाट भरून झाली होती आणि मागावरच्या कापडासारखी ताठ दिसत होती. डोळ्यांनी नव्हतं चाललेलं ते काम, बोटं आपली वाट चाचपत पुढं जात होती. दुपारची गाडी केव्हाच गेलेली.

माझी सावली दारात पडली तसं त्यांनी मान वर केली.

"त्याला म्हणावं," ते म्हणाले आणि थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आई नव्हती. सुमन नव्हती. सांगायला खोलीत कुणीच नव्हतं. बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं, ते थांबलं.

"हात धू, भानू," नाना म्हणाले. "अन् हे टोक धर. एकट्यानं ताण बसत नाय."

मी आत्ताच धुतलेले हात पुन्हा धुतले. तोंडही धुतलं, कारण ते धुवायची गरज पडली होती. मग खाली बसलो आणि टोक धरलं. आई आली आणि दारातूनच ओरडली, "अहो, दुपारची यष्टी गेली, आता संध्याकाळचीही जाईल!" नाना म्हणाले, "जाऊ दे. पायाकडची बाजू राह्यली हाय." डोळ्याचं काम होईपर्यंत ते राहिले. त्या दिवसांत त्यांनी दाराची कडी बसवली, सुमनच्या वाटणाच्या पाट्याला टाकी लावली, गळक्या माठाखाली तिवई केली. मी कामावरून आलो की मला नाव घेऊन एकेक हुकूम सोडत. रोकड्यांना मी सांगितलं, नाना घर फेटल करताहेत. ते म्हणाले, "फिर तो साहेबाच्या गावचे झाले."

नाना पुढं येवल्याला परत गेले, येत-जात राहिले, आणि आता नाहीत. रोकडेही नाहीत. आमच्या त्या खोलीच्या जागी चार मजली इमारत आहे, झेंडूचा मळा कुठं होता ते मला नक्की दाखवता येणार नाही. तुझ्या नातवाला तिकडे नवं घर मिळेल, सामान लागेल, सगळं चकचकीत दिसेल आणि तरी आपण पोचलो नाही असं त्याला बरेच दिवस वाटत राहील. त्याला म्हणावं, घाबरू नको. आणि आक्का, तू इथून नुसते लाडू पाठवू नकोस. जमेल तेव्हा स्वतः जा, त्याच्या घरात काय सैल पडलंय ते बघ आणि ते घट्ट करायला बस. लोक मला अजून विचारतात, घर कुठलं? मी येवला म्हणतो, तोंडाला तीच सवय आहे. पण मी घरी आलो तो त्या संध्याकाळी, जेव्हा नवारीचं एक टोक नाना आपल्याकडे ओढत होते, दुसरं मी माझ्याकडे ओढत होतो, आणि दोघंही सोडत नव्हतो.